मिक्श्चरसाहेबांचा कान

मिक्श्चरसाहेब गाडीचं दुखणं कानाने ओळखायचे. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं. बॉनेट उघडलं की ते खिशातला रुमाल काढून मडगार्डवर अंथरायचे, त्यावर कोपर टेकायचे, डोळे मिटायचे आणि उजव्या हाताचं एक बोट वर करायचे. बोट वर असेपर्यंत वर्कशॉपात कोणी हातोडी मारायची नाही, कोणी खोकायचं नाही. मग बोट खाली यायचं आणि निकाल लागायचा. "रिच आहे." नाहीतर, "लीन आहे." तिसरा निकाल मी सहा वर्षांत ऐकला नाही. दोनांतलं एक डोळे मिटून निवडलं तरी माणूस अर्ध्या वेळा बरोबर येतो. साहेबांना तेवढंही साधत नव्हतं.

खरं तर यात कानाचं फारसं काही नसतं. इंजिनाचं चुलीसारखंच आहे. पेट्रोल जास्त आणि हवा कमी झाली की धूर काळा येतो, प्लग काढून पाहिला तर त्यावर काजळी असते. ते रिच. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं की प्लग चुन्यासारखा पांढरा पडतो, इंजिन तापतं, चढावर दम सोडतं आणि कार्बोरेटरमधून उलटं खोकतं. ते लीन. दोन आण्यांच्या पान्याने प्लग खोलून पाहावा, की झालं. पण प्लग खोलला तर हात काळे होतात आणि साहेबांची पॅन्ट पांढरी होती.

सत्तावन सालच्या आसपास मी वणीच्या फिरत्या दवाखान्यावर ड्रायव्हर म्हणून लागलो. लष्कराने मोडीत काढलेली एक पेट्रोलची वॅगन, तिच्यात औषधांच्या दोन पेट्या, एक स्ट्रेचर आणि सुभद्रासिस्टर, असा आमचा दवाखाना. आठवड्यातले चार दिवस झरी जामणीच्या जंगलातल्या वाड्यांवर आणि पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, फिरायचं. गाडीची देखभाल यवतमाळच्या वर्कशॉपकडे होती आणि तिथले फोरमन म्हणजे मिक्श्चरसाहेब. मी तांड्यातला. माझे आजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडलेले. साहेबांना हे कुठून तरी कळलं आणि त्यांना कायमचा विनोद सापडला. "परसराम, हा बैल नाही. शेपटी पिरगाळून चालत नाही." दर खेपेला तेच, आणि दर खेपेला ते स्वतःच हसायचे.

लढाईच्या काळात आपण मोठ्या लष्करी वर्कशॉपात होतो, असं ते सांगायचे. रणगाडासुद्धा आपल्याला कानानेच कळायचा म्हणे. पुढे त्यांच्याबरोबर तिथे असलेला एक जण भेटला. त्याच्याकडून समजलं की साहेब तिथे टायरच्या गोदामात पावत्या फाडायला होते. टायर काही बोलत नाही, त्यामुळे कान तिथे शाबूत राहिला असावा.

'मिक्श्चर', म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण, हा शब्द त्यांच्या तोंडात पानासारखा असायचा. हॉटेलात चहा पातळ आला की, "चहा लीन झालाय." कोणाच्या घरी भांडण झालं की, "बायकोचं मिक्श्चर रिच आहे." एकदा राजूरकडचा कोळशाचा ट्रक आला. मागून असा काळा धूर, की वर्कशॉपच्या दारातलं कडुनिंबाचं झाड दिसेना. लहान पोरानेही रिच म्हणून सांगितलं असतं. साहेबांनी बोट वर केलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "लीन." जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं छिद्र, आणखी मोठा करून दिला. ट्रक फाटकापर्यंत गेला आणि धुरात नाहीसा झाला. फाटकाबाहेर त्या ड्रायव्हरने उतरून हवेची जाळी काढली, तिच्यात कोळशाची भुकटी गच्च बसली होती. ती त्याने कडुनिंबाच्या खोडावर आपटून साफ केली, जेट पूर्वीसारखा केला आणि आमच्याकडे बघत हसत निघून गेला. धूर गेला. साहेब आम्हाला म्हणाले, "बघितलंत? माझी सेटिंग बसायला थोडा वेळ लागतो."

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. ब्रेक. ब्रेक बांधावे तर त्या माणसाने. तेवढ्या कामापुरते ते खाकी चढवून गाडीखाली शिरायचे, तासभर तोंडातून शब्द काढायचे नाहीत, आणि त्यांनी बांधलेला ब्रेक वर्षभर बघावा लागायचा नाही. घाटात माझा जीव त्यांच्या हातांनी किती वेळा वाचवला, देव जाणे. पण ज्या कामात हात खरा होता त्याबद्दल हा माणूस कधी एक अक्षर बोलला नाही. ब्रेक बांधणाऱ्याला कोणी साहेब म्हणत नाही, हे त्यांना ठाऊक असावं.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आमची वॅगन चढावर खोकायला लागली. मी साहेबांना सांगितलं, "साहेब, चोक ओढला की बरी चालते. म्हंजे पेट्रोल कमी पडून राह्यलं, नाहीतर कुठून तरी फालतू हवा घेऊन राह्यली."

"चोक हे अडाण्याचं औषध आहे," साहेब म्हणाले. बोट वर गेलं, खाली आलं. "रिच आहे."

त्यांनी कार्बोरेटर उतरवला, पुन्हा चढवला, पेट्रोल आणखी कमी केलं. खालचं पॅकिंग फाटलं होतं. नवं यायला आठवडा लागला असता, म्हणून त्यांनी ऑफिसातल्या फायलीचा पुठ्ठा कापून बसवला. आणि मी पुन्हा चोक ओढू नये म्हणून चोकची तारच काढून टाकली. मी कुरकुरलो तेव्हा म्हणाले, "उद्या मी स्वतः येतो तुझ्याबरोबर. गाडी खराब आहे की ड्रायव्हर, ते बघू."

आले. पुढच्या सीटवर रुमाल अंथरून बसले. दुपारी आम्ही झरीपलीकडच्या एका कोलामांच्या पोडावर पोचलो, तर भीमा नावाचा माणूस रस्त्यातच उभा. त्याची बायको दोन दिवस अडली होती. सुभद्रासिस्टर झोपडीत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या.

"परसराम, स्ट्रेचर काढ. हिले आत्ताच्या आत्ता वणीले नेलं पायजे."

चार मैलांवर चढ लागला. अर्ध्या चढावर गाडी खोकली, आणखी एकदा खोकली आणि बंद पडली. मागे ती बाई ओरडतही नव्हती, नुसती कण्हत होती. साहेब उतरले. बॉनेट उघडलं. रुमाल अंथरला. बंद इंजिनावर कान ठेवून त्यांनी डोळे मिटले.

"अजून रिच आहे," म्हणाले आणि पेट्रोलचा स्क्रू आणखी आवळला. मी स्टार्टर मारला. गाडी गुरगुरलीसुद्धा नाही. त्यांनी पुन्हा आवळला. असं किती वेळ चाललं ते मी मोजलं नाही. मोजायला हवं होतं असं नंतर वाटलं. शेवटी मी पाना घेतला आणि त्यांना न विचारता प्लग काढला. पांढराफेक.

"हे पाहा साहेब. चुना."

"उजेडाने तसा दिसतो."

तेवढ्यात सिस्टर मागून उतरल्या. हात कोपरापर्यंत रक्ताने भरलेले. "परसराम, तुले समजते का काय झालं ते?"

"समजते, सिस्टर."

"मंग थांबला कायच्यासाठी? साहेब, तुम्ही गाडीत बसा अन् तो सांगन तवा ते दाबा."

साहेब बसले. मी स्क्रू उलटा फिरवला, चोकऐवजी कार्बोरेटरचं तोंड तळहाताने झाकून हवा अडवली आणि ओरडलो, "दाबा!" गाडी अडखळत सुरू झाली. बायकोसोबत आलेल्या भीमाकडून तांब्या घेऊन मी कार्बोरेटरच्या बुडाशी थेंब थेंब पाणी सोडलं. एका जागी पाणी सुर्र करून आत ओढलं गेलं आणि इंजिनाचा आवाज बदलला. तिथूनच हवा शिरत होती. फायलीचा पुठ्ठा पेट्रोलने भिजून कुरतडल्यासारखा झाला होता. सिस्टरच्या पेटीतला कार्बोलिक साबण मी तिथे चिकणमातीसारखा दाबून भरला, वरून बँडेजची पट्टी आवळली आणि निघालो. गाडी नीट चालली. मागून कण्हणं येत होतं तोवर मला बरं वाटत होतं. ते थांबलं तेव्हा मी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला.

वणीला डॉक्टर तासाभराने बाहेर आले. आई वाचली होती. मूल नाही. मुलगा होता. "थोडं आधी आणलं असतं तर," एवढंच ते म्हणाले आणि आत गेले.

भीमा व्हरांड्यात उभा होता. त्याला काय आणि किती कळलं होतं, मला सांगता येत नाही. तो आमच्याकडे आला. माझे हात काळे, कपड्यांना तेल लागलेलं. साहेबांची पॅन्ट पांढरी. तो वाकला आणि त्याने साहेबांच्या पायांवर डोकं ठेवलं. "साहेब, बाई वाचली," म्हणाला.

मला वाटलं, आता तरी हा माणूस मागे सरकेल. साहेबांनी हात वर केला आणि आशीर्वाद दिला.

त्या क्षणापर्यंत मी त्यांना हसत होतो. त्यानंतर हसलो नाही. इतका तिटकारा मला आयुष्यात दुसऱ्या कोणाचा आला नाही, आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांनी माझे ब्रेक बांधून दिले तेव्हा तो तिळभरही कमी झाला नाही.

चौकशी झाली. साहेबांनी लिहून दिलं की ड्रायव्हरने सेटिंगमध्ये ढवळाढवळ केली. सिस्टरनी घडलेलं सगळं लिहून दिलं, पुठ्ठ्यासकट. यवतमाळच्या मोठ्या साहेबांनी दोन्ही कागद वाचले, मला समज दिली, वॅगनला नवं पॅकिंग आणि चोकची तार दिली. मिक्श्चरसाहेबांना कोणी काही विचारलं नाही. पुढे तीन-चार वर्षांनी त्यांना नागपूरला बढती मिळाली.

निरोपसमारंभ वर्कशॉपच्या अंगणात झाला. पेढे वाटले. त्यांच्या कानाविषयी भाषणं झाली. गळ्यात हार घालायचं काम, सगळ्यांत जुना ड्रायव्हर म्हणून, माझ्याकडे आलं. मी घातला. सिस्टर आल्या नव्हत्या. "मले दवाखान्यात काम हाये," असा निरोप त्यांनी धाडला होता. त्या दिवशी दवाखान्याला सुट्टी होती.

संध्याकाळी त्यांची ट्रंक घेऊन मी मोटार स्टँडवर गेलो. गाडी लागायला अवकाश होता. साहेब हार हातात घेऊन बाकावर बसले होते. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "परसराम, त्या दिवशी तो पुठ्ठा मीच बसवला होता."

"हो साहेब."

"तू कोणाजवळ बोलला नाहीस."

आपलं गुपित मी इतकी वर्षं सांभाळलं, असं त्यांना वाटत होतं. माझे आभार मानायची त्यांची तयारी चालली होती. मला ते सोसलं नाही.

"सगळ्यांले माहीत हाये साहेब," मी म्हणालो. "सिस्टरनं तवाच लिहून देल्लं. मोठ्या साहेबानं वाचलं. वर्कशॉपातल्या समद्यांले माहीत हाये."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. चेहऱ्यावरचा साहेब उतरला होता. खाली एक पन्नाशी ओलांडलेला, घाबरलेला माणूस होता. तो इतकी वर्षं कुठे होता, कोण जाणे.

"सगळ्यांना माहीत होतं," ते हळूच म्हणाले. "मग कोणी मला काही म्हणालं कसं नाही?"

तेवढ्यात गाडी लागली. मी त्यांची ट्रंक टपावर चढवली, दोरीने बांधली, गाठ दोनदा तपासली. खाली उतरलो तेव्हा ते खिडकीशी बसले होते आणि अजून माझ्याकडेच बघत होते, उत्तराची वाट पाहत. गाडी हलेपर्यंत मी खिडकीखाली उभा होतो. हार मीच घातला होता.