शेजारच्या केबिनमधली कामधेनू

नवऱ्याची नोकरी मनमाडला, रेल्वेत. तो शनिवारी यायचा. कॉलेज सुटल्यावर रिकाम्या घरी लवकर जाऊन करायचं काय? मी अकरावी-बारावीला गणित शिकवायचे. भावाची ईमेल बघायला म्हणून नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका सायबर कॅफेत गेले आणि तिथे मला त्या खेळाचा नाद लागला.

खेळात जादूचं राज्य होतं. कॅफेतले सगळे आपापल्या केबिनमधून, खोट्या नावांनी त्यात उतरायचे. बाकीचे योद्धे व्हायचे. मी निवडली पांढरी, पंखांची गाय. चेहरा बाईचा, थेट आईच्या देवघरातल्या कामधेनूसारखा. तिला लढता येत नसे. कुणी जखमी होऊन पडलं की जवळ जायचं, पंख पांघरायचे, की तो उठायचा. एवढंच काम, म्हणून ती कुणी घेत नसे. मला मात्र ते पंख पसरणं फार आवडायचं. एक धनुर्धारी तर सारखा पडायचा. त्याला मी कितीदा उठवलं असेल!

एका संध्याकाळी लोडशेडिंगमुळे सगळे कॉम्प्युटर बंद पडले. पंख्यांचा आवाज थांबला आणि प्लायवूडच्या पलीकडून दोन मुलींचं बोलणं ऐकू आलं.

"ती गाय आली म्हणून माझा धनुर्धारी वाचला बघ. लय चांगली हे ती."

"कोण असेल गं?"

"कोणी का असंना. पुन्हा कशी पडली, असं विचारत नाय. नुसती येती. नायतर आपल्या गणिताच्या बाई! आज मला सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, एवढंही येत नसेल तर गावी परत जा."

आवाज ओळखला. कळवणहून आलेली, वसतिगृहात राहणारी माझी विद्यार्थिनी. आणि ते वाक्य माझंच होतं. सकाळी बोलले होते आणि डबा खाताना विसरूनही गेले होते.

जनरेटर सुरू झाला. मी पर्स उचलली आणि गुपचूप बाहेर पडू लागले, तर कॅफेवाला मोठ्याने म्हणाला, "मॅडम, निघालात? अहो, तुमची गाय नसेल तर आज सगळे मरतील!"

शेजारचा पडदा सरकला. मला बघून ती मुलगी उठून उभी राहिली, वर्गात राहतात तशी.

"बाई... तुम्ही?"

"ईमेल बघायला आले होते," एवढं कसंबसं म्हणाले आणि जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर मी तिला थांबवून घेतलं. "काल मी तसं बोलायला नको होतं."

तिने वही दप्तरात घातली. मग हळूच म्हणाली, "बाई, आज याल का? आम्ही किल्ल्यापाशी अडकलोय."

मी नाही म्हटलं. त्या कॅफेत पुन्हा पाऊल टाकायचं माझं धाडस झालं नाही. तिला मात्र सांगितलं, अडलेली गणितं घेऊन मधल्या सुट्टीत येत जा. ती यायची. खुर्ची पुढे केली तरी उभ्यानेच सोडवायची, आणि चुकलं की आधी माझ्या चेहऱ्याकडे बघायची.

बारावी पास झाल्यावर ती घरी पेढे घेऊन आली. पुढे काय घेतलंस, मी विचारलं.

"इतिहास. गणित नाय घेतलं, बाई," ती म्हणाली, तिचंच काही चुकल्यासारखी. मला वर बघवेना. पेढा हातातच धरून मी तिला पाणी आणायला आत गेले.