वास कुठून येतोय?

मीनाताई पगारे ओझरच्या कारखान्यात तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होत्या. अपघाताचा फोन आला की पलीकडचा माणूस कितीही ओरडो, त्या दोनच गोष्टी विचारायच्या : कुठून बोलताय, आणि स्वतः काय पाहिलंत? निवृत्तीनंतर नाशकात पाथर्डी फाट्याजवळच्या सोसायटीत राहायला आल्यावर त्यांना कळलं, की इथे असले प्रश्न उद्धटपणाचे समजतात.

त्या मंगळवारी सकाळी जिन्यात गॅसचा वास सुटला. वीस मिनिटांत सोसायटीच्या ग्रुपवर एकशे बारा मेसेज पडले. 'कुणाला काही माहिती?' असं निम्म्यांनी विचारलं. उरलेल्यांना सगळंच माहीत होतं. एकाच्या साडूने थेट ठाण्याहून कळवलं, की नाशकात टाकी फुटलीय. दुसऱ्याने आगीचा व्हिडिओ टाकला. त्यात मागे समुद्र होता, पण एवढ्या घाईत समुद्र कोण बघतो? सेक्रेटरी शेखर निकमांनी 'फक्त अधिकृत माहिती' असा नवा ग्रुप काढला. तिथला पहिला मेसेज : 'कुणाला काही माहिती?' मग सगळ्यांनी एकदमच गाड्या काढल्या आणि सगळे फाटकात अडकले.

मीनाताई वास घेत जिना उतरल्या. खाली वास वाढत गेला. तळमजल्यावर झाडलोट करणाऱ्या भागीबाई घाबरून उभ्या होत्या.

"रंगनाथबाबांच्या खिडकीतून लय वास येतोय ताई. हाका मारते, तर ओ नाय."

"कुणाला सांगितलंत?"

"सेक्रेटरीसायबांना. ते म्हणले, ग्रुपवर टाका."

भागीबाईंचा फोन बटणांचा होता. रंगनाथराव ऐंशीचे, एकटे, तेही ग्रुपवर नव्हते; म्हणजे जवळजवळ नव्हतेच. त्यांची भांडी भागीबाईच घासायच्या, त्यामुळे किल्ली होती. एकटीने आत जायचा धीर तेवढा नव्हता.

"बेल नको, दिवा नको," मीनाताईंनी बजावलं. दार उघडलं, श्वास रोखून त्यांनी रेग्युलेटर बंद केला. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि म्हातारा ओट्याखाली पडला होता. दोघींनी त्याला ओढत अंगणात आणलं. मीनाताईंनी नेहमीच्याच आवाजात ॲम्ब्युलन्सला फोन केला.

ॲम्ब्युलन्स आली, पण फाटकात पळायला निघालेल्या गाड्या अजून अडकलेल्याच होत्या. स्ट्रेचर पायीच आणावं लागलं.

रंगनाथराव वाचले. रविवारी सभा झाली. प्रसंगावधानाबद्दल निकमांना शाल मिळाली आणि 'आपत्कालीन माहिती समिती' नेमली गेली; तिच्यात मीनाताईंचंही नाव होतं. मीनाताईंनी भागीबाईंचं नाव सुचवलं.

"ताई, समिती फक्त फ्लॅटधारकांसाठी आहे," निकम हसून म्हणाले.

मीनाताईंनी आपलंही नाव काढायला लावलं, आणि त्या उठून घरी गेल्या.