मीटरवरची पन्नी

माझ्या लेकाच्या डाव्या डोळ्यात उसाचं पान गेल्तं. अंकुशनगरच्या तोडीवर होतो तवा. तो ऊस तोडायचा, मी मोळ्या बांधायची. डोळा वाचला, पण उन्हाची तिरीप आली की नुसतं पाणी गळायचं. मंग तोड सोडून तो गाडी शिकला, अन् जुन्या जालन्यात एका सेठच्या गाडीवर ड्रायव्हर लागला. डोळ्याच्या डाक्टरनं त्याला येगळाच काळा चष्मा दिल्ता. त्यातून डांबरी रस्त्यावरची चमक मरायची. तो असंल तरच दुपारची गाडी हाकता यायची त्याला.

दोन हजार सालाच्या पुढं सेठनं नवी गाडी घेतली. तिच्यात काट्याचं मीटर न्हवतं. हाताएवढी काच, तिच्यात आकडे उमटायचे, डिझेलच्या बारक्या रेघा उमटायच्या. कंपनीतून आलेल्या प्लास्टिकच्या पन्न्या काढायच्या न्हाईत, असं सेठनं बजावल्तं. दीड वर्स झालं तरी शिटावर पन्नी, मीटरवर पन्नी.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी लेकानं गाडी धुवायला दारात आणली. तो पाणी आणायला गेल्ता. म्या आतून पुसायला घेतली. मीटरवरच्या पन्नीत धूळ साचल्ती, कोपरे उचलल्ते. म्हणलं, सणाचं हळद-कुंकू काय पन्नीवरून लावायचं? सोलून काढली अन् चुलीत टाकली. कोणाला सांगायचं ध्यानात आलं न्हाई.

दसरा झाला. तिसऱ्या दिवशी लेक दुपारचा आला, भाकरीला हात लावीना.

"माय, मीटर दिसंना गेलं."

"बंद पडलं असंल."

"सेठला दिसून राह्यलं ना. चष्मा काढला तर मलाबी दिसतं, पण उन्हात डोळा उघडा राहत न्हाई. पह्यले चष्म्यातून बराबर दिसायचं. आता समदं काळं. डोळाच गेला माय."

सकाळी तीर्थपुरीहून येताना रस्त्यातच डिझेल संपल्तं. सेठ उन्हात अर्धा घंटा उभा राह्यला. म्हणला, "डोळ्यानं दिसत नसंल तर चावी ठेव भई. मला पोरंबाळं हायेत." सांजच्याला चावी द्यायची ठरली.

मला काई बसवंना. भांडे घासले, परत तेच घासले. दारात जाऊन आले. लेक भिताडाला टेकून चष्मा पुसत होता, उगाच. त्याला परत कोयता धरायला लावायचा, एका डोळ्यावर? माझे पाय एका जाग्यावर ठरंना.

"आण तो चष्मा," म्हणलं.

"काय करती?"

"आण त."

गाडी लिंबाखाली उभी होती. त्याला चावी फिरवायला लावली अन् चष्मा घालून म्होरं बसले. काच काळी. काढला, आकडे. घातला, काळी.

"मलाबी दिसंना," म्हणलं. "माझे तर दोन्ही डोळे चांगले हायेत."

लेक माझ्याकडं पाहातच राह्यला. पदर दारात अडकल्ता म्हणून मी वाकडी झाले, तर आकडे दिसाया लागले. मान सरळ केली, गेले. म्हंजी खोट डोळ्यात न्हाई, काचेतच काई बदललंय. तवा मला चुलीत टाकलेली पन्नी आठवली.

"मीटरवरची पन्नी म्या काढली रे. कुंकवासाठी."

तो म्हणला, "पन्नीचा अन् दिसण्याचा काय संबंध, माय?"

"मला काय माहीत. पह्यले होती तवा दिसत होतं का न्हाई?"

घरात उदबत्तीचा पुडा होता. वरची पन्नी सोडवली, काचेवर धरली. काळंच. लेक म्हणला, "ऱ्हाऊ दे." म्या ऱ्हाऊ दिलं न्हाई. हलवत गेले, फिरवत गेले. तिरपी झाली तशी काच उजळली, जांभळी-हिरवी, अन् आकडे उभे राह्यले. तशीच तिरपी चिकटवली.

सांजच्याला मीबी गेले त्याच्या मागं, सेठच्या दारात. ऊन अजून कलतंच होतं. सेठनं मीटर पाह्यलं.

"हे काय वाकडंतिकडं चिकटवलंस?"

"सेठ, चष्मा घालून पाहा एकदा," लेक म्हणला.

सेठनं घातला. पन्नी उचलली, ठेवली, परत उचलली.

"पह्यली कुठं गेली?"

"म्या काढली," म्हणलं. "पोराचा डोळा हाय तसाच हाय. चूक माझ्या हाताची."

"म्हणल्तो ना मावशी, पन्नी काढायची न्हाई म्हणून."

"म्हणल्ते तुमी."

त्यानं चष्मा लेकाला दिला. चावी मागितली न्हाई. मागचं दार उघडून बसला अन् म्हणला, "मोंढ्यात घे. जल्दी."

गाडी निघाली. लेकानं माझ्याकडं पाह्यलं न्हाई, म्होरं पाहात होता. मी तिथंच एका ओट्यावर बसले, तवा समजलं की सकाळपासून पोटात काई गेलं न्हवतं.