फराळाच्या कढईपाशी आलेली खबर

ती दिवाळी मला अजून लख्ख आठवते. पुढच्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पेपरात फोटो छापून आलेले गुन्हेही उघडकीला आणले. पण घरी आलेलं कोणी "एखादी केस सांगा ना" म्हणालं, की माझ्या तोंडी पहिल्यांदा तीच येते. त्या केसची बातमी आतल्या पानावर चार ओळींत आटोपली होती. कोणी मेलंच नाही, तर बातमी मोठी कशाला होईल?

ऐंशीचं दशक होतं. मुलुंडच्या बाजूच्या एका ठाण्यात मी पीएसआय होतो. आमच्या हद्दीत डोंगराच्या पायथ्याला मोठी वस्ती होती. गिरण्या बंद पडल्यावर लालबाग-परळ सोडून आलेली कोकणातली कुटुंबं आणि मराठवाडा-विदर्भातून आलेली बौद्ध कुटुंबं तिथे शेजारी शेजारी राहत. वस्तीशी आमचा संबंध एकच, हातभट्टीचे छापे. आमची जीप वळणावर दिसली की शिट्ट्या वाजायच्या आणि दारं धडाधड बंद व्हायची. ज्यांचा दारूशी काडीचा संबंध नाही, त्यांचीसुद्धा.

त्या वर्षी नवे सीनियर इन्स्पेक्टर आले. कमी बोलणारे, शिस्तीला कडक. दसरा झाल्यावर रोल कॉलला ते म्हणाले, "या दिवाळीत वस्तीतल्या पोरांना फराळ आणि नवे कपडे आपल्या ठाण्यातर्फे द्यायचे."

ठाण्यात कुरकुर झालीच. एका जुन्या जमादाराने विचारलं, "साहेब, बाजारातल्या दुकानदारांना सांगू का? एका दिवसात ढीग लावतील."

साहेब म्हणाले, "वर्दीतला माणूस दुकानात जाऊन कपडे मागतो, त्याला देणगी म्हणत नाहीत, वसुली म्हणतात. जे द्यायचं ते आपल्या घरातून. ज्याला जमेल त्यानं, जमेल तेवढं."

काम अंगावर घेतलं ते आमच्या एका हवालदाराने आणि त्याच्या बायकोने. तिला अख्खी पोलीस लाइन वहिनी म्हणे. वहिनी मालवणकडची, आवाज खणखणीत. लाइनीतल्या बायकांना गोळा करून तिने शिवणयंत्रं बाहेर काढायला लावली. कोणी कापड दिलं, कोणी रवा-मैदा, कोणी तुपाचा डबा. हवालदार टेप घेऊन वस्तीत गेला आणि पोरांची मापं घेऊ लागला. पहिल्या दिवशी एकही पोर पुढे आलं नाही. तो वस्तीतल्या बुद्धविहाराच्या ओट्यावर बसून राहिला. शेवटी विहाराचं काम पाहणारे एक वयस्क गृहस्थ आले. म्हणाले, "आमच्याकडे दिवाळी नाही हवालदार. पण पोरं सगळी वस्तीचीच आहेत. वाटपाला जागा लागेल, तर हे आवार घ्या." त्यांनी स्वतःच्या नातीला हाताला धरून समोर उभं केलं. मग रांग लागली.

फराळ करायची वेळ आली तेव्हा वहिनीने आणखी एक गोष्ट केली. ती वस्तीत गेली आणि बायकांना म्हणाली, "आम्ही करायचं आणि तुम्ही नुसतं खायचं, असं चालायचं नाही. हात लागतील. या लाइनीत." सुरुवातीला दोघी-तिघी आल्या. मग पटांगणात चुली मांडल्या गेल्या आणि पोलिसांच्या बायका नि वस्तीतल्या बायका एकाच पाटावर करंज्या लाटू लागल्या. येताजाता आम्ही बघायचो. मला त्याचं मोठं अप्रूप वाटे.

दिवाळी तोंडावर आली होती. सकाळचा चहा झाल्यावर हवालदार माझ्या टेबलापाशी आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, जरा लाइनीत चला. चकली चाखायला म्हणून चला."

पटांगणात एका कढईशी वहिनी बसली होती आणि तिच्या शेजारी वस्तीतली एक बाई. तिशीच्या आतबाहेरची, बारीक चणीची. डोळे रडून सुजलेले. तिचा नवरा हातगाडी ओढायचा. पूर्वी गिरणीत होता.

वहिनी तिला म्हणाली, "सांग गो बाये. माका सांगितलंस तसाच सांग. हे साहेब आपलेच आसत."

बाईने माझ्याकडे पाहिलं नाही. कढईतल्या चकल्या झाऱ्याने उलटत ती बोलू लागली. घरात तिचा धाकटा दीर राहत होता. आदल्या रात्री नवरा आणि दीर, दोघांनी दारूच्या अड्ड्याच्या मालकाचा माल कुठूनतरी गाडीवरून हलवला होता. दिवाळीत विकायला पिंपं आली होती. दिराने त्यातली थोडी चाखली. पहाटेपासून तो ओकत होता. जास्त झाली असेल म्हणून नवरा गाडी घेऊन निघून गेला. आणि आता दीर म्हणत होता, डोळ्यांपुढे धूर धूर दिसतो.

"दारू पिऊन माणसाक असा होणा नाय," ती म्हणाली. "पिंपात कायतरी वायट आसा. दिवाळीक अख्खी वस्ती पितली."

"माल ठेवलाय कुठे?"

"ता माका म्हायत नाय. घोव सांगणा नाय."

मी विचारलं, "ठाण्यात का नाही आलीस?"

तेव्हा तिने पहिल्यांदा मान वर केली. "ठाण्याची पायरी चढलंय तर सांजेक माजा घर जाळतीत. हय चकली तळूक इलंय म्हणान कोणी बघल्यान नाय."

तिने दोनच गोष्टी मागितल्या. आपलं नाव कुठे येता कामा नये, आणि नवऱ्याला मारायचं नाही. "तो वायट नाय. काम नाय म्हणान ह्या करता."

आम्ही लगेच कामाला लागलो. हवालदाराने दिराला रिक्षात घालून पालिकेच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी डोळे तपासले आणि फोनवर सांगितलं, "ही साधी दारू नाही. यात बहुतेक कारखान्यातलं विषारी स्पिरिट मिसळलंय. आणखी कोणी प्यायलं असेल तर ताबडतोब पाठवा." इस्पितळाने रीतसर खबर दिली. तिची नोंद स्टेशन डायरीत झाली. त्यामुळे कागदावर गुन्ह्याची सुरुवात इस्पितळातून झाली, लाइनीतल्या कढईपासून नाही.

आता तिच्या नवऱ्याला, त्या हातगाडीवाल्याला, उचलायचं होतं, पण घरातून नाही. तसं केलं असतं तर संशय सरळ बायकोवर गेला असता. दुपारी स्टेशनजवळच्या नाक्यावर त्याची हातगाडी रस्त्यात आडवी उभी होती. ट्रॅफिकला अडथळा म्हणून आम्ही त्याला गाडीसकट ठाण्यात आणलं. चार लोकांनी ते पाहिलं. त्यांनी ते पाहावं हेच आम्हाला हवं होतं.

तो काही केल्या बोलेना. "साहेबांनू, माका काय म्हायत नाय. मी भाजी व्हावतंय, बर्फ व्हावतंय. दारूचा काय माका इचारू नका." पुन्हा पुन्हा तेच. डिटेक्शनचा, म्हणजे गुन्हे शोधणाऱ्या पथकाचा, एक शिपाई माझ्या कानाशी म्हणाला, "साहेब, पाच मिनिटं द्या फक्त. पोपटासारखा बोलेल." सीनियर साहेब दारातच उभे होते. ते म्हणाले, "मार खाल्लेला माणूस मार थांबेल असं काहीतरी सांगतो. आपल्याला पिंपं हवी आहेत, गोष्ट नको."

मी त्या माणसाकडे नीट पाहिलं. तो घाबरला होता, पण आम्हाला नाही. त्याला अड्ड्याच्या मालकाची भीती होती. आणि दुसरं माझ्या लक्षात आलं, भावाला काय झालंय याची त्याला कल्पनाच नव्हती. तो पहाटे बाहेर पडला होता, तो अजून घरी गेलाच नव्हता. मी साहेबांना म्हटलं, "याला इस्पितळात नेतो." त्यांनी मान हलवली.

इस्पितळाच्या वॉर्डात पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट खाटेवर येत होतं. भाऊ उताणा पडला होता, डोळे सताड उघडे. गाडीवाला खाटेजवळ गेला आणि म्हणाला, "काय रे, काय झाला तुका?"

आवाज ओळखून भावाने हात पुढे केला, पण भलत्याच दिशेला. म्हणाला, "दादा, इलंस? लाइट गेली काय रे? बत्ती लाव मरे."

गाडीवाल्याने खिडकीकडे पाहिलं. मग भावाच्या तोंडावर पडलेल्या उन्हाकडे. त्याने भावाच्या डोळ्यांपुढे आपला हात हलवला. पापणी हलली नाही. तो खाली फरशीवर बसला आणि खाटेच्या लोखंडी पायाला धरून हुंदके देऊ लागला. हवालदाराने त्याच्या पाठीवर हात ठेवला. आम्ही कोणीही त्याला काही विचारलं नाही. थोड्या वेळाने तोच उठला, सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं आणि म्हणाला, "चला साहेबांनू. दाखवतंय."

माल नाहूरच्या बाजूला एका तबेल्यात होता. गवताच्या गंजीमागे पिंपं लावलेली होती. पंच बोलावले, पंचनामा केला, सील लावलं. गाडीवाल्याने मालकाचं नाव सांगितलं, ते स्पिरिट कुठल्या भंगारवाल्याकडून यायचं तेही सांगितलं. पण सगळ्यात वाईट ते त्याने शेवटी सांगितलं. काही कॅन दुपारीच वस्तीतल्या अड्ड्यांवर पोचले होते. दिवे लागले की विक्रीला जोर येणार होता.

तोवर ऊन उतरलं होतं. छापा घालायला माणसं पाठवली, पण वस्तीत दारू कुठे कुठे मुरलेली असते हे कुठल्याही पोलिसाला पुरतं कळत नाही. लाउडस्पीकरवरून आम्ही 'दारू पिऊ नका' ओरडलो असतो, तर लोक हसले असते. आम्ही ते रोजच सांगत होतो.

लाइनीतल्या पटांगणात अजून करंज्या तळणं चालू होतं. हवालदाराने तिथे जाऊन बायकांना खरं काय ते सांगितलं. वहिनीने चूल विझवली, पदर खोचला आणि म्हणाली, "चला गं." पोलिसांच्या बायका आणि वस्तीतल्या बायका, पिठाने भरलेल्या हातांनी, गल्लीगल्लीत शिरल्या. थाळ्या वाजवत त्या दारोदार सांगत होत्या, "आजची दारू विषारी आहे. एकाचे डोळे गेले. घरात असेल तर ओतून द्या." दोन अड्ड्यांवर त्यांनी आमच्या आधी पोचून कॅन गटारात उपडे केले होते. तिसऱ्यावर एक दांडगा आडवा आला, तर विहाराचे ते वयस्क गृहस्थ आणि त्यांच्यामागे दहा-बारा पोरं त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तो बाजूला झाला. पोलिसांच्या शब्दावर ज्या लोकांनी दार उघडलं नसतं, ते आपल्याच घरातल्या बायकांच्या शब्दावर बाटल्या आणून ओतत होते. मी गल्लीच्या तोंडाशी उभा होतो. खोटं कशाला सांगू, मला काही काम उरलं नव्हतं.

तोवर प्यायलेल्या सहा माणसांना त्या संध्याकाळी इस्पितळात न्यावं लागलं. सगळी वाचली. सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल आला, त्यात डॉक्टरांचं म्हणणं खरं ठरलं. अड्ड्याचा मालक आणि भंगारवाला दोघांना पुढे सजा झाली. गाडीवाल्यालाही आधी अटक झाली होती, पण जामिनावर सुटल्यावर तो माफीचा साक्षीदार म्हणून कोर्टात सरकारतर्फे उभा राहिला आणि न डगमगता बोलला. त्याच्या भावाची एका डोळ्याची नजर बऱ्यापैकी परत आली, दुसऱ्याची नाही.

दिवाळीच्या सकाळी विहाराच्या आवारात वाटप झालं. साहेबांनी भाषण केलं नाही. वहिनीने पोरांना हाका मारल्या, हवालदाराने कपडे दिले. ती बाई मुलीला घेऊन रांगेत आली. माझ्यासमोरून गेली, पण अनोळखी माणसाकडे पाहावं तसं पाहून. मीही मान फिरवली. तिचं नाव मी कुठल्याच कागदावर घातलं नव्हतं. साहेब, हवालदार, वहिनी आणि मी, आम्ही चौघं सोडून ते कोणाला ठाऊकही नव्हतं. बदली झाल्यावर माझ्या जागी आलेल्या अधिकाऱ्यालाही मी ते सांगितलं नाही.

काही वर्षांनी माझी नेमणूक घाटकोपरला होती. एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमनच्या कपड्यातल्या माणसाने मला सलाम ठोकला. "साहेबांनू, वळाखलात?" तोच होता. अंग भरलेलं, केस पिकायला लागलेले. त्याने चहा मागवला. भावाचं लग्न झालं होतं, मुलगी शाळेत पुढे चालली होती. चहा संपता संपता तो म्हणाला, "तुमका एक सांगू? तेव्हा खबर कोणी दिल्यान, ता माका म्हायत आसा."

मी चेहरा कोरा ठेवला. "इस्पितळातून खबर आली होती. डायरीत आहे तसं."

तो हसला. "रवांदे साहेबांनू. जामिनावर सुटान घराक इलंय, त्याच दिसा तिणाच सांगल्यान. पाण्याचो तांब्यो हातात दिल्यान आणि म्हटल्यान, 'मीच सांगलंय. राग इलो तर आताच काय ता बोल, मगे नको.'"

"मग तू काय बोललास?"

"काय बोलतलंय? पाणी पिलंय."

मी कितीतरी वर्षं ते नाव जपत होतो आणि त्याचा मला मनातून थोडा अभिमानही होता. तिने मात्र पहिल्याच दिवशी, ज्याच्याकडून सर्वांत जास्त भीती असायला हवी होती, त्यालाच ते सांगून टाकलं होतं.

पोलिसांनी वस्तीत करंज्या वाटून काय होतं, असं मला पुष्कळजण विचारतात. मी सांगतो, करंज्यांनी गुन्हे थांबत नाहीत. आमच्या साहेबांनी आणि वहिनीने एवढंच केलं, की एका बाईला पोलिसाच्या घरच्या बाईशेजारी बसायला जागा करून दिली. पुढचं सगळं धैर्य तिचं स्वतःचं होतं. शौर्याचा विषय निघाला की मी वर्दीतल्या सहकाऱ्यांची नावं घेतो आणि ती घ्यायलाच हवीत. पण मनात पहिल्यांदा येते ती बाई, नवऱ्यापुढे पाण्याचा तांब्या धरून, तो काय म्हणेल याची वाट पाहत उभी.