हिनेककाकांची टाकी आणि गोगलगायी

हिनेककाकांच्या टाकीने माझ्या डोक्यावर मिरे वाटले, हे आधीच सांगून टाकते. मी व्लास्ता. चेक देशात, मोराव्हिया प्रांतातल्या आमच्या गावात पब चालवते, आणि माझा स्वभाव तापट आहे असं गिऱ्हाइकं म्हणतात. त्यांना काय जातंय म्हणायला.

काका साखर कारखान्यात बॉयलरवर होते. कारखाना बंद पडला तेव्हा कुणी तिथलं घड्याळ नेलं, कुणी खुर्च्या. काकांनी कॅन्टीनमधली माशांची टाकी मागून घेतली. बायको गेलेली, मुलगी लांब ऑस्ट्रावाला. "घरी माशांना सोबत कोण?" म्हणून ती टाकी त्यांनी सरळ माझ्या काउंटरवर, बिअरच्या नळाशेजारी आणून ठेवली. मला विचारलंसुद्धा नाही! तेव्हापासून रोज दुपारी यायचं, बाह्या सारून काच पुसायची आणि मग दोन बिअरवर रात्रीपर्यंत पत्ते खेळायचे, हा त्यांचा दिनक्रम झाला.

मग कुठल्याशा पाणवनस्पतीला चिकटून गोगलगायी आल्या. आधी दोन-चार दिसल्या, आणि बघता बघता टाकीत मासे कमी आणि गोगलगायी जास्त झाल्या. काका चिमट्याने वेचायचे, बादलीत टाकायचे. रात्री पाण्यात सॅलडचं पान सोडायचे आणि दुपारी आल्यावर त्याला लगडलेल्या गोगलगायींसकट उचलायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढ्याच. शेवटी ब्रनोहून गोगलगायी खाणारा एक पट्टेरी मासा आणला. तो महिन्याभरात असा फुगला की त्याला वळता येईना, पण गोगलगायीकडे त्याने ढुंकून पाहिलं नाही.

पाहील कशाला? पाव कोण सोडेल? आमच्याकडे पत्त्यांचा डाव जिंकणाऱ्याने टाकीत पावाचा घास टाकायचा, नाहीतर नशीब फिरतं, असं धरून चालतात. ही खोड मूळ कारखान्याच्या कॅन्टीनमधली. टाकीत उरलेलं खाणं जितकं जास्त, तितक्या गोगलगायी जास्त, हे काकाच सगळ्यांना समजावून सांगायचे. त्यांनी काचेवर पाटीही लावली : 'मासे जेवले आहेत.'

"जेवले असतील रे," द्राहोश गवंडी पाव मोडत म्हणाला, "पण वरचं गोडधोड राहिलंय ना!"

"द्राहोश, हात मोडून ठेवीन तुझा!" काका ओरडले.

"आणि काल तू जिंकलास तेव्हा काय टाकलंस?"

"माझा घास लहान होता," काका म्हणाले.

हे ऐकून मी कपाळावर हात मारला. टाकीवर झाकण बसवलं, तर पत्ते खेळणाऱ्यांनी ते उचलून घास टाकले आणि पुन्हा नीट बसवलंही नाही. त्याच फटीतून एक गोगलगाय बाहेर आली आणि सायकलवरून आलेल्या एका पाहुण्या बाईंच्या बिअरमध्ये टपकन पडली. बाई किंचाळल्या. त्यांच्याबरोबरचा अख्खा घोळका जेवण तसंच टाकून निघून गेला.

"काका, बस झालं," मी म्हणाले. "जत्रेपर्यंत काच स्वच्छ दिसली पाहिजे. नाहीतर टाकी उचला."

"पोरी, मी एकटा काय करू? हे ऐकतात का माझं?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

त्यांनी जिवाचं रान केलं. सगळे मासे बादलीत काढून वाळू उकळली, झाडं फेकून दिली. दोन आठवडे काच लख्ख होती. मग द्राहोश सलग तीन डाव जिंकला. जत्रेच्या आदल्या दिवशी काचेवर पुन्हा चिकट अंड्यांचे पुंजके होते. काका शेजाऱ्याची हातगाडी आणून टाकी घरी घेऊन गेले.

त्या जागी मी आइस्क्रीमचा फ्रीज ठेवला. जिंकणारा आता हातात पावाचा तुकडा घेऊन फ्रीजकडे बघतो आणि तो तुकडा स्वतःच्याच तोंडात टाकतो. काका आधी एक दिवसाआड येऊ लागले, मग रविवारचे, मग येईचनात. मला त्यांचा राग आला. टाकी नेली म्हणून काय माणसांशीही वैर धरायचं?

शेवटी लसणाच्या सूपचं भांडं घेऊन मीच त्यांच्याकडे गेले. चांगलं खडसवायचं असं ठरवूनच गेले होते. काका स्वयंपाकघरात टाकीसमोर खुर्ची टाकून बसले होते. पाणी काचेसारखं नितळ होतं. पट्टेरी मासाही रोडावून सुरेख पोहत होता.

"बघ," ते म्हणाले, "एक गोगलगाय नाही."

"अरे वा! काय औषध टाकलंत?"

"काही नाही. इथे घास टाकायला येतंय कोण?"

मला माझीच लाज वाटली. मी सूप गरम केलं, सोबत आणलेला पाव कापायला घेतला.

काकांनी टाकीचं झाकण उचललं.

"व्लास्ता," ते म्हणाले, "एक तुकडा टाक ना गं."

मी चिमूटभर पाव मोडला.

"एवढासा नको," काका म्हणाले. "द्राहोशएवढा टाक."