चंद्रावरचा सिक्सर किती लांब

चंद्रावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या साधारण एक षष्ठांश. म्हणून इथला फटका तिथे मारला, तर चेंडू सहापट उंच जाईल, सहापट वेळ वर राहील आणि सहापट लांब पडेल. घोडेगावजवळच्या आमच्या शाळेत दहावीला हे शिकवताना मी दरवर्षी रंगात येतो. फिल्डर चहा पिऊन आला तरी चेंडू वरच, असं म्हटलं की मागचे बाकसुद्धा जागे होतात.

दोन वर्षांपूर्वी चाचणीत मी हाच प्रश्न घातला. एका मुलीने लिहिलं, ‘सहापटीपेक्षा जास्त लांब, कारण तिथे हवा नाही.’ मी लाल फुली मारली. पेपर हातात पडताच ती वर्गात उभी राहिली.

“सर, हितं बॉलला हवा अडवती. तिथं कोण अडवनार?”

“गणितात हवा धरायची नसते.”

“मंग गणितातला बॉल येगळा असतो का?”

वर्ग फिदीफिदी हसला आणि माझं डोकं फिरलं. “फार शहाणपणा नको,” म्हणत मी तिला खाली बसवलं.

पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. आठवडाभराने शाळा सुटल्यावर मैदानावर गेलो. पीटीचे सर तिथे कॅचचा सराव घेत होते. त्यांना म्हटलं, सारख्याच जोराने दोन फटके मारून दाखवा. एक लेदरच्या चेंडूला, एक टेनिसच्या. लेदरचा पार कुंपणापलीकडच्या कांद्यात गेला. टेनिसचा त्याहून सणकून निघाला आणि मध्येच दम संपून खाली आला.

“हलका बॉल हवेतच मरतो, सर,” ते म्हणाले. “ह्ये तर शेंबड्या पोराला बी कळतंय.”

मला कळलं नव्हतं. सूत्र पाठ होतं, पण चेंडूकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. चंद्रावर दोन्ही चेंडू सारख्या वेगाने निघाले, तर थोडंही मागेपुढे नाही, अगदी सारखेच लांब पडतील! इथे हवा जे अंतर खाते, तेही तिथे मिळेल. मुलीचं बरोबर होतं. लाज वाटली, पण खरं सांगायचं तर मजा त्याहून जास्त वाटली. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात चंद्रावर फटके मारत होतो.

तिला मात्र सांगवेना. उद्या सांगू, असं रोज ठरवायचो आणि रोज फळ्याकडे तोंड करून पुढचा धडा सुरू करायचो. शेवटी पळवाट काढली. पूर्वपरीक्षेत तोच प्रश्न पुन्हा घातला. ती तेच लिहील, मी पूर्ण गुण देईन आणि माफी न मागता फिट्टंफाट होईल.

गठ्ठ्यातून तिचा पेपर मी आधी शोधला. ठळक अक्षरात एकच शब्द होता, ‘सहापट.’ मला फार वाईट वाटलं. तिला येत होतं ते मीच दाबून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर सांगितलं की, हिचं पहिलं उत्तर बरोबर होतं आणि चूक माझी होती. वाटलं, ती खूश होईल. तिने वही उघडली, पेनाचं टोपण काढलं.

“बरं सर. मंग बोर्डात कंचं लिहू?”

तिथे पेपर तपासणाराही माझ्यासारखाच कुणी असेल, या विचाराने मी पुन्हा फळ्याकडे तोंड केलं.