चोरखिशावाल्या आपा

आपांनी शिवलेल्या प्रत्येक कपड्यात एक चोरखिसा असायचा. गिऱ्हाइकाने सांगितलेला असो वा नसो. ब्लाउजच्या अस्तरात, परकराच्या नेफ्यात, पुरुषांच्या बंडीत काखेखाली, कुठे ना कुठे तो सापडायचाच. चंद्रपुरातल्या एका नवरदेवाला स्वतःच्या शेरवानीतला खिसा लग्नानंतर दोन वर्षांनी सापडला. खिसा रिकामा होता, तरी आधी त्यात काय असेल आणि ते बायकोने कधी काढलं असेल, या काळजीने तो आठवडाभर जेवला नाही. आपांना कुणी जाब विचारला तर त्या म्हणायच्या, "दुनियेत भरोशाच्या जागा दोनच. एक कबर अन् एक चोरखिसा. कबरीले अजून टाइम हाय, तं खिसा घे."

आम्ही ऊर्जानगरच्या, म्हणजे वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या, पोरी कंपनीच्या बसने शहरात उतरून त्यांच्या शिवणक्लासला जायचो. दहावीच्या सुट्टीत मला आईने तिथे घातलं, घरात पुस्तकं वाचत लोळत असते म्हणून. आपांच्या घराच्या पुढच्या खोलीत चार मशिनी, एक मोठा पाट आणि भिंतीला टेकून आपा. वजन फार तर चाळीस किलो, पण शिवण तपासायला उभ्या राहिल्या की आम्ही मशिनीआड सरकायचो. कपडा दोन्ही हातांत धरायचा, पाय रोवायचे आणि जीव खाऊन ओढायचं, ही त्यांची परीक्षा. माझा पहिला परकर मधोमध दोन झाला. त्यांनी दोन्ही तुकडे शांतपणे माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, "हा घालून शिंकू नको, पोरी."

गळ्यात मापाची टेप आणि तोंडात तिच्यापेक्षा लांब जीभ. आमच्या वसाहतीतल्या साहेबांच्या बायका ब्लाउज शिवायला यायच्या, तेव्हा आपा कंबरेचा आकडा अख्ख्या क्लासला ऐकू जाईल असा सांगायच्या आणि वर मागच्या दिवाळीचा आकडाही जोडायच्या. एका बाईंनी कुरकुर केली की ब्लाउज धुण्यात आटलाय. आपा म्हणाल्या, कपडा आटत असेल, टेप आटत नाही. मोहल्ल्यातले एक वयस्कर चाचा एकदा तक्रार घेऊन आले, की पोरींच्या हसण्याचा आवाज रस्त्यापर्यंत येतो. आपांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि तुमच्या पायजम्याचा एक पाय आखूड आहे हे लक्षात आणून दिलं. चाचा तक्रार विसरून पायजमा दुरुस्तीला टाकून गेले. आम्ही हसतच राहिलो.

या आपा एकट्या कॅनडाला जातील असं कुणाला वाटलं नव्हतं. त्यांचा आजवरचा सगळ्यात लांबचा प्रवास नागपूरपर्यंतचा, तोही मशीनचे पार्ट आणायला. पण त्यांची मोठी बहीण, जिला त्या बाजी म्हणत, लग्न होऊन तिकडे टोरांटोला गेली होती. दोघींना दुसरं भावंड म्हणजे एक भाऊ, तो कधीच वारलेला. बहिणी फोनवर भांडायच्या. लहानपणी मशीनचं हँडल कुणी तोडलं, या विषयावर त्यांनी वीस वर्षं फोन केले, आणि निकाल लागू नये याची दोघींनीही काळजी घेतली. मग दोन हजार सालानंतर कधीतरी भाचीचा फोन आला. बाजीचा आजार शेवटाला आला होता, डॉक्टरांनी थोडे दिवस सांगितले होते आणि ती बहिणीलाच मागत होती. आपांनी फोन ठेवला, मशीनवर अर्धवट राहिलेली बाही पुरी केली आणि मग रडल्या.

कागदपत्रं भाचीने तिकडून हलवली. तिकीट आलं, व्हिसा आला. मोहल्ल्यातले सगळे, विमानात कधीही न बसलेले, सल्ले द्यायला आले. कुणीतरी सांगितलं की परदेशात पासपोर्ट चोरीला गेला तर माणूस ना इकडचा राहतो ना तिकडचा. बाकीचे सल्ले आपांनी या कानाने ऐकून त्या कानाने सोडले, हा मात्र मनात घर करून बसला. त्यांनी आम्हा पोरींना कामाला लावून प्रवासाचा कुर्ता शिवून घेतला. त्याला अकरा खिसे. आतल्या शमीजला मात्र त्यांनी स्वतः बारावा खिसा लावला, दुहेरी मांजरपाटाचा, गादी शिवतात त्या जाड धाग्याने. पासपोर्ट आत घालायचा आणि खिशाचं तोंड शिवून टाकायचं. मी म्हटलं, आपा, तो सारखा दाखवावा लागतो म्हणे. त्यांचं म्हणणं होतं की दोनदाच लागतो, निघताना आणि पोहोचल्यावर. उसवायला छोटी कात्री बरोबर होतीच.

भावाच्या मुलाने मुंबईला विमानतळाच्या दारापर्यंत सोडलं. आत आपांनी कोपऱ्यात बसून शमीज उसवली, पासपोर्ट दाखवला, शिक्का घेतला. सरकारी काम झालं म्हणून लगेच सुईदोरा काढून खिसा पुन्हा शिवला, आणि आता पुढे थेट टोरांटोच म्हणून टाके नेहमीपेक्षा जास्तच घातले. त्यानंतर तपासणी आली. आपांना वाटलं होतं की तपासणी होऊन गेली. पडद्याआड एक पोलीस बाई एकामागून एक खिसे काढत गेली. सुपारी, अडकित्ता, लवंग, ताईत, जवसाच्या चटणीची पुडी. ती मोजता मोजता दमली. शेवटी तिने कात्री, सुई आणि अडकित्ता ठेवून घेतला आणि आपांना जाऊ दिलं. बारावा खिसा दाबून पाहिला, आत काय म्हणून विचारलं, आपांनी पासपोर्ट म्हटल्यावर तिने कपाळाला हात लावला, पण मागे रांग मोठी होती.

युरोपातल्या एका विमानतळावर विमान बदलायचं होतं, मध्ये सहा तास. आपा एका खुर्चीवर बसल्या त्या उठल्या नाहीत, खुर्ची गेली तर पुढचं विमान जाईल अशी त्यांची समजूत. बसल्या बसल्या त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांची शिलाई तपासली. बहुतेक नापास. हवाईसुंदरींच्या स्कर्टची टीप सरळ होती, पण चोरखिसा नाही, म्हणून त्यांची कीव आली. मग रांग लागली, आणि दारावरच्या गणवेशातल्या बाईने पासपोर्ट मागितला. आपांनी छातीकडे बोट दाखवलं.

त्यांना एका छोट्या खोलीत नेलं. कुर्ता निघाला, शमीज निघाली, ओढणी गुंडाळून आपा बसल्या आणि दोन गणवेशातल्या बायका शमीजवर तुटून पडल्या. टाका हलेना. कात्री शोधायला माणूस धावला, पण ज्याच्या-त्याच्या कात्र्या बाहेर काढून घेतलेल्या, आत मिळणार कुठून. किल्लीने खरवडून झालं. खाण्याच्या दुकानातून प्लास्टिकची सुरी आणली, ती मोडली. दातांनी तोडावं तर आपांचे पुढचे दात कधीच पडलेले आणि कवळी फक्त फोटोपुरती. एक बाई या टोकाला, एक त्या टोकाला, दोघी लालबुंद होऊन ओढत होत्या. आमच्या क्लासमध्ये आपा ओढायच्या तशाच. बाहेर विमानाची शेवटची हाक चालू होती. क्लासमध्ये हे सांगताना आपा इथे थांबायच्या. "मी जिंदगीभर म्हटलं, माहा टाका उसवत नाई. त्या दिवशी अल्लाले म्हटलं, एक डाव उसव. पुन्हा घमंड नाई करन."

तेवढ्यात पोछा मारणारी एक बाई दारात थबकली. साठीची, जाडजूड, कुठल्या मुलखातली कोण जाणे. तिने खोलीतला तमाशा पाहिला, पोछा भिंतीला लावला, गणवेशवाल्यांच्या हातातून शमीज काढून घेतली आणि खिशाचा कोपरा सरळ तोंडात धरला. एकदा मान झटकली. धागा तुटला. पुढचे टाके तिने नखाने उचकले आणि पासपोर्ट आपांच्या मांडीवर ठेवला. आपांना तिला काहीतरी द्यायचं होतं, पण उरलेलं सामान खिशांत आणि खिसे कुर्त्यासकट कुणाच्या तरी हातात. त्यांनी तिचे गाल धरले, तेवढंच. मग कुर्ता उलटा घालून धावल्या. विमानात बसणाऱ्या त्या शेवटच्या.

चाळिसाव्या दिवसाचे विधी करून आपा परत आल्या, तेव्हा बाजी गेली होती हे आम्हाला ठाऊक होतं. तरी ही गोष्ट त्यांनी निदान शंभर वेळा सांगितली, ओढाओढीच्या नकलांसकट, आणि आम्ही प्रत्येक वेळी पोट धरून हसलो. पण गोष्ट नेहमी उलट्या कुर्त्यावर संपायची. टोरांटो त्यात कधी आलं नाही. विचारायची हिंमत, इतक्या तोंडाळ बाईकडून शिकूनसुद्धा, आमच्यात नव्हती.

लग्नानंतर मी पुण्याला गेले. एकदा माहेरी आले असताना दुपारी आपांकडे गेले, तर त्यांची नमाज संपत आली होती. हात वर करून त्या मोठ्याने मागत होत्या. अम्मी-अब्बा झाले, भाऊ झाला, बाजी झाली. मग म्हणाल्या, "और वो दाँतवाली." मी विचारलं कोण दातवाली, तर नमाजाची चटई गुंडाळून त्यांनी मला जवळ बसवलं.

मग त्यांनी सांगितलं. दवाखान्यात पोहोचल्या तेव्हा संध्याकाळ होती. बाजी उशीला टेकून बसली होती आणि तिने पहिलं वाक्य उशीर झाल्याबद्दल सुनावलं. आपांनी पासपोर्टची कथा सांगायला घेतली. बाजी इतकी हसली की नाकातली नळी निघाली आणि नर्स धावत आली. नर्स गेल्यावर, पुन्हा सांग म्हणाली. तीनदा ऐकली. हँडल तिनेच तोडलं होतं, हेही कबूल केलं.

"दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डोये उघडले, पण मले ओळखलं नाई," आपा म्हणाल्या. "मंग चार दिवसांनी गेली. त्या दिवशीचं विमान हुकलं असतं तं मले बाजी भेटलीच नसती, पोरी. एक संध्याकाळ भेटली. ती त्या बाईच्या दातानं देल्ली. नाव बी नाई विचारलं मी तिचं."

त्यानंतर तीन वर्षांनी आपा गेल्या. मला पुण्यात कळलं तोवर सगळं आटोपलं होतं. मी खूप रडले, आणि रडता रडता एक गोष्ट मनात आली ती जाईना. त्या परक्या बाईसाठी दिवसातून पाच वेळा मागणारं एकच माणूस जगात होतं, आणि आता तेही नव्हतं. मला नमाज येत नाही, देवापुढेही मी सणासुदीलाच उभी राहते. पण तेव्हापासून आठवण झाली की मी हात जोडते आणि मराठीतच सांगते, की विमानतळावर पोछा मारणारी ती बाई जिथे कुठे असेल तिथे तिचे दात शाबूत ठेव, एकही हलू देऊ नको.